लेकरांना घरीच शिकवायचं म्हणतेय, सुरुवात कुठून करू? (ख्रिस्ती आयांनी प्लीज सांगा)

पिंपरीची_आई
१० जून, रात्री ११.४०

सर्वांना जय ख्रिस्त. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

थोरली लेक साडेपाच वर्षांची आहे, धाकटा ऑगस्टमध्ये तीनचा होईल. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. मी आधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, थोरलीच्या वेळी नोकरी सोडली ती सोडलीच. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या मूळच्या नगरच्या, मिशनच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं त्यांनी.

थोरलीचं सीनियर केजी संपलं. शाळा इंग्लिश मीडियम, नाव लिहीत नाही. वर्षभर रोज सकाळी पोटात दुखतं म्हणायची, डॉक्टरांकडे दोनदा नेलं, काही निघालं नाही, आणि मे महिन्याची सुट्टी लागली त्या दिवसापासून पोट दुखायचं थांबलं ते आजपर्यंत दुखलं नाही. वर्गात मराठीत बोललं की डायरीत शेरा यायचा. आता ती प्रार्थना पण इंग्रजीत करते, पाठ केलेली, भराभर, आणि आजीने विचारलं काय मागितलंस देवाकडे तर तिला सांगता येत नाही. हे मला फार लागलं. संध्याकाळी होमवर्क संपेपर्यंत नऊ वाजायचे, घरची प्रार्थना व्हायची तेव्हा पोरगी झोपलेली. लग्नाच्या वेळी आम्ही दोघांनी ठरवलं होतं की लेकरं वचनात, म्हणजे बायबलच्या शिकवणीत वाढवायची, आणि प्रत्यक्षात दिवसातली दहा मिनिटं पण देता येत नाहीयेत.

चर्चमधल्या एका बहिणीने होमस्कूलिंगचं सांगितलं. मी यूट्यूबवर बघितलं तर सगळ्या अमेरिकन बायका, भिंतभर पुस्तकं, कपाटं, चार्ट, ते बघूनच दडपण आलं. मिस्टर हो म्हणतात पण घाबरतात. सासूबाईंनी तर दोन दिवस अबोला धरलाय. शाळा १६ तारखेला सुरू होतेय, फीचा हप्ता भरायचा की नाही ते या चार दिवसांत ठरवायचंय.

हे कायद्याने चालतं का? दहावीचं काय? मला डीएड नाही बीएड नाही, मला जमेल का? आणि तीन वर्षांचा धाकटा असताना शिकवायचं कधी? कुणी केलं असेल तर खरं खरं सांगा.

रूथ_खडकी
११ जून, सकाळी ६.१५

अगं ताई, पोटदुखीचं वाचलं आणि माझ्या मोठ्याचे दिवस आठवले. मी सात वर्षं घरी शिकवतेय, तीन लेकरं, १२, ९ आणि ५. दुपारी निवांत लिहिते. तोवर एकच कर, काही विकत घेऊ नकोस. एक पुस्तकसुद्धा नाही.

जालन्याची_लेक
११ जून, सकाळी ९.०२

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी स्वतः शिक्षिका आहे. आपल्या समाजाला वर कुणी आणलं? शाळेने. माझ्या पणजीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तिला मिशनच्या बोर्डिंगमध्ये अक्षर मिळालं, तिची मुलगी नर्स झाली, तिची मुलगी म्हणजे माझी आई हेडमिस्ट्रेस झाली. नगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंनी मुलींना शिकवलं, सावित्रीबाई फुले तिथे जाऊन शिकवण्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या, हा आपला वारसा. आपल्याकडे चर्च आणि शाळा एकाच कंपाउंडमध्ये उभी राहिली. आणि आता आपणच लेकरं शाळेतून काढायची? तुमच्या सासूबाई गप्प का आहेत ते मला बरोबर कळतंय. शाळा वाईट आहे तर शाळा बदला. मराठी मीडियममध्ये घाला.

पिंपरीची_आई
११ जून, सकाळी १०.३०

जालन्याच्या ताई, राग कसला. सासूबाई अगदी हेच बोलल्या, शब्द पण जवळजवळ हेच. "माझ्या आजीने शाळेच्या पायरीवर बसून अक्षर गिरवलं आणि तू पोरीला पायरी उतरवतेस." मला उत्तर नाही देता आलं. मराठी मीडियमचा विचार केला होता, जवळच्या शाळेत पहिलीचा पट नऊ, पुढच्या वर्षी वर्ग राहील की नाही सांगता येत नाही म्हणाले.

रूथ_खडकी
११ जून, दुपारी २.४५

हं, आता बसले. धाकटी झोपलीय, दोघं मोठे बाहेर सायकलवर.

आधी जालन्याच्या ताईंचं. ताई, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, मी पण त्याच कंपाउंडमधली. पण ज्या पंडिता रमाबाईंनी आपल्याला मूळ भाषांतून केलेलं मराठी बायबल दिलं, त्यांना कुणी शिकवलं? आईने. लक्ष्मीबाईंनी. घर पण नव्हतं, गंगामूळच्या रानात आणि मग तीर्थयात्रेच्या वाटेवर, आईने पाठ करून घेतलं संस्कृत. वडिलांनी बायकोला शिकवलं म्हणून पंडितांचा रोष घेतला, मग त्या आईने लेकीला शिकवलं. पुढे रमाबाईंनीच केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये बायका-मुलींना अक्षर दिलं, छापखाना शिकवला, त्याच मुलींच्या हातून बायबल छापलं, १९२४ ला पूर्ण बाहेर आलं, रमाबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. म्हणजे आईने घरी शिकवणं हा पण आपलाच वारसा आहे. मुद्दा लेकराला अक्षर मिळण्याचा आहे. पणजीला कुणी अक्षर मिळू देत नव्हतं म्हणून शाळा लागली. तुझ्या लेकीचं अक्षर अडलंय कुठे ते बघ, आणि तिथे दार उघड.

आता कामाचं. पिंपरीच्या आई, तुझी लेक साडेपाचची आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पण पहिलीला सहा पूर्ण असं धरलंय. घाईचं काही नाही. हे वर्ष तू निवांत घे. मी पहिल्या वर्षी जी चूक केली ती तू करू नकोस. मी घरात शाळा मांडली. फळा, घंटा, टाइमटेबल, साडेआठ ते साडेबारा. परदेशातला एक ख्रिस्ती अभ्यासक्रम मागवला, पुस्तकं थोडी, कुरिअर आणि कस्टमचे पैसेच जास्त, माझ्या भावाने हातउसने दिले तेव्हा जमलं. आणि त्यात काय, ऋतू चार, एकात पानं गळतात, एकात बर्फ पडतो, भोपळा कोरायचा, त्यांच्या पिलग्रिमांचा, म्हणजे इंग्लंडहून अमेरिकेत जाऊन राहिलेल्यांचा इतिहास. माझा पोरगा खिडकीतून मृगाचा पाऊस बघतोय आणि मी त्याला बर्फाचा माणूस रंगवायला देतेय. पोरगा रडायचा, मी ओरडायची, आणि त्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर वचन छापलेलं. वचनाच्या पानावर मी लेकरावर ओरडतेय हे ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी पेटी बांधून माळ्यावर टाकली.

मग एका बहिणीने शार्लट मेसन बाईंचं सांगितलं. इंग्लंडच्या ख्रिस्ती शिक्षिका, १८४२ ते १९२३. त्यांचं म्हणणं सहा वर्षांपर्यंत रीतसर धडे नकोत, बाहेर फिरवा, बघायला शिकवा. आणि सहानंतर पण धडा १५-२० मिनिटांचा, लेकराचं लक्ष उडायच्या आत थांबायचं. गोष्ट एकदाच वाचायची आणि मग लेकराने आपल्या शब्दांत सांगायची. बस. प्रश्नोत्तरं नाहीत, रिकाम्या जागा नाहीत. हे वाचून मी म्हटलं अरे हे तर माझी आजी करायची, भाकरी थापता थापता योसेफाची गोष्ट सांगायची आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला विचारायची, काल भावांनी त्याला कुठे टाकला? आणि एखादा प्रसंग आम्ही गाळला तर तीच आठवण करून द्यायची.

आमचा दिवस आता असा असतो. सकाळी चहा-दूध झालं की प्रार्थना, एक गीत, एक छोटा उतारा, १० मिनिटं, आणि कुणी एकाने तो परत सांगायचा. मग मराठी वाचन २० मिनिटं, गणित २० मिनिटं, मोठ्याचं इंग्रजी नंतर वेगळं. पाच वर्षांचीला एवढं पण नाही, तिचं बसून काम दिवसाला अर्धा तास, ते पण दोन तुकड्यांत. ११ नंतर पुस्तक बंद. स्वयंपाक, भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं यात तिघंही. दुपारी गोष्टीचं पुस्तक मी वाचते, ते चित्रं काढतात. चारनंतर बाहेर.

अक्षरओळखीला ग म भ न पासून सुरू कर, आकार एकमेकांतून निघतात. परातीत रवा पसरून बोटाने काढायला लाव. लगेच दोन-तीन अक्षरी शब्द, नग, मन, गगन, भन भन, हसायला लागतात. अंकांना चिंचोके. पुस्तकं हवीच तर बालभारतीची पीडीएफ फुकट मिळतात, आणि किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक पण त्यांच्याच साइटवर आहेत, त्यातल्या गोष्टी माझी मुलं अजून मागतात.

धाकट्याचं विचारलंस. आधी त्याला वेळ दे. सकाळी पहिली १५ मिनिटं त्याची, मांडीवर घेऊन. पोट भरलेलं आणि आई भेटलेली असली की तो अर्धा तास काढतो. मटार सोलायला दे, वाटी-चमचा आणि पाणी दे बाल्कनीत. कडधान्य नको देऊ, नाकात घालतात, आमच्याकडे राजमा काढायला दवाखान्यात जावं लागलंय.

एक गोष्ट मात्र फार विचार करून सांगते. जगापासून लपवायला म्हणून घरी ठेवू नका. त्या अमेरिकन व्हिडिओंत ते कारण खूप येतं. तिथे त्यांच्या आजूबाजूला चार घरं ख्रिस्ती असतात, चर्चच्या मुलांचे गट असतात, लेकरू एकटं पडत नाही. आपण बिल्डिंगमध्ये एकटं ख्रिस्ती घर. आपल्या लेकरांना आयुष्यभर शेजाऱ्यांसोबतच राहायचंय, त्यांच्यात मित्र करायचेत, कुणी विचारलं तुम्ही कोण तर न घाबरता, न भांडता सांगता आलं पाहिजे. ते घरात बंद राहून येत नाही. माझी मुलं खाली रोज खेळतात, शेजारच्या मावशींच्या घरी गणपतीला जाऊन बसतात, नाताळला त्यांची मुलं आमच्याकडे करंज्या भरायला येतात.

पिंपरीची_आई
११ जून, दुपारी ४.१०

ताई, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. रमाबाईंचा भाग आल्यावर त्या म्हणाल्या, परत वाच. अजून बोलल्या काही नाहीत पण चहा त्यांनी केला.

निवृत्त_गुरुजी
११ जून, रात्री ८.२०

मी ख्रिस्ती नाही, जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक होतो. कायद्याचं विचारलंय म्हणून लिहितो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. त्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाही. कलम १० म्हणतं मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण ते न केल्यास पालकांना शिक्षा किंवा दंड असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि 'सक्तीचं' याचा अर्थ कलम ८ मध्ये दिलाय, तो शासनावरची जबाबदारी असा आहे. म्हणजे स्पष्ट परवानगी पण नाही आणि गुन्हा पण नाही. शेकडो कुटुंबं या अशा स्थितीत मुलं शिकवतायत, पुण्यात तर बरीच. तुम्ही डोळे उघडे ठेवून यात पडा एवढंच सांगतो.

शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे होतो तेव्हा शिक्षक दारात येतात, मी स्वतः वर्षानुवर्षं फिरलोय. वीटभट्टी, ऊसतोड, सिग्नलवरची मुलं शोधण्यासाठी ते असतं. कुणी आलं तर घाबरू नका, दार लावून घेऊ नका. आत बोलवा, पाणी द्या, मुलीच्या वह्या दाखवा. म्हणून वह्या तारीख टाकून ठेवा, वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवा, चित्रं ठेवा. जन्मदाखला, आधार, केजीचं प्रगतिपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला एका फाइलमध्ये. दाखला आत्ताच मागून घ्या, नंतर हेलपाटे पडतात.

परत शाळेत घालायची वेळ आली तर कलम ४ लक्षात ठेवा, शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश देता येतो. हे दार उघडं आहे.

दहावीसाठी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, केंद्र सरकारची आहे, १९८९ पासून. १४ वर्षं पूर्ण झाली की माध्यमिकला बसता येतं, आठवी पासचं प्रमाणपत्र नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं, पाच विषय, मराठी माध्यमातही देता येते, आणि पाच वर्षांत नऊ संधी. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म पण आहे, बाहेरून परीक्षा देण्याचा, पण तिथे आधीच्या शाळेचे कागद मागतात.

तरी एक शिक्षक म्हणून विनंती. वर्षातून दोनदा बाहेरच्या कुणाला तरी मुलीचं वाचन ऐकायला सांगा. आईला आपल्या लेकराची अडचण कधी कधी दिसत नाही. तुमच्या घरात ३१ वर्षं शिकवलेली बाई बसलीय, आणि तुम्ही मला जमेल का म्हणून आम्हाला विचारताय.

पिंपरीची_आई
११ जून, रात्री ८.५५

गुरुजी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी खरंच उठून आत गेले. मनापासून आभार.

वसईकरीण
१२ जून, सकाळी ७.३०

आम्ही कॅथलिक, वसईचे. माझी दोन वर्षांपासून घरी शिकते. आमच्या घरी पण तोच प्रॉब्लेम होता, आजी कादोडीत, म्हणजे आमच्या वसईच्या बोलीत बोलते, नातीला फक्त इंग्रजी. आता रोज दुपारी आजीसोबत वाडीत, केळीचं पान कसं कापायचं, कुठल्या फुलाला काय म्हणतात, सगळं कादोडीत. रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना पण आजीसोबत, त्या वेळी मी मध्ये येत नाही. फक्त एक, तुमच्यापैकी कुणी कॅथलिक असेल तर पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून काढू नका. घरी छान शिकवता येतं मान्य, पण पहिल्या कम्युनियनला ज्या मुलांसोबत उभं राहायचं त्यांच्यासोबत वर्षभर बसलेलं बरं.

दोन_लेकरांची_मम्मी
१२ जून, दुपारी १.००

मी केलं आणि सोडलं. ती बाजू पण यायला हवी म्हणून लिहिते.

दोन वर्षं केलं. थोरला सहा ते आठ. मग मला दिवस राहिले, बीपी वाढलं, बेडरेस्ट सांगितला. मिस्टर सकाळी आठला जायचे, रात्री नऊला यायचे. घरात मी, पोरगा, आणि मोबाइल. तीन महिने तो कार्टूनच बघत होता हे मी कुणाला सांगितलं नाही. चर्चमध्ये सगळे विचारायचे, काय मग होमस्कूल, आणि मी म्हणायचे मस्त चाललंय. त्या खोटं बोलण्याने मी जास्त आजारी पडले.

शेवटी पाळकबाई घरी आल्या, त्यांच्यासमोर रडले. त्यांनी भांडी घासली आधी, मग म्हणाल्या शाळेत घाल, देव शाळेत पण आहे. एका शाळेने दाखला नाही म्हणून परत पाठवलं, दुसरीने वयाप्रमाणे तिसरीत घेतलं. वाचनात तो वर्गाच्या पुढे होता, लिहिण्यात मागे, दिवाळीपर्यंत सारखं झालं.

मला पश्चात्ताप कशाचाच नाही, ना घेतल्याचा ना सोडल्याचा. पण ताई, मदत नसेल तर करू नका. आणि केलं तर महिन्यातून एकदा तरी कुणाला तरी खरं सांगत जा. शाळेत पाठवणाऱ्या आईचा विश्वास कमी असतो असं जे काही गटांमध्ये बोललं जातं ना, ते मनाला लावून घेऊ नका, मी लावून घेतलं होतं.

रूथ_खडकी
१२ जून, दुपारी १.२५

मम्मी, हे लिहिलंत म्हणून किती बरं झालं. मला पण एक अख्खा पावसाळा असा गेलाय, सासरे आजारी होते तेव्हा. आम्ही त्या काळात फक्त गोष्टी आणि प्रार्थना एवढंच ठेवलं होतं, गणित चार महिने बंद. मी ते कुणाला बोलले नव्हते, आज तुमच्यामुळे बोलले.

डॅलसची_मावशी
१२ जून, रात्री १०.४०

मी टेक्सासमध्ये असते, मूळची मिरजेची. तुम्ही जे व्हिडिओ बघता ते इथलेच. इथे टेक्सासमध्ये होमस्कूल म्हणजे खाजगी शाळा धरतात, १९९४ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने तसं पक्कं केलं, कुणाला कळवायचं पण नसतं. न्यूयॉर्कला गेलात तर आधी कळवा, वर्षाचा आराखडा द्या, दर तीन महिन्यांनी रिपोर्ट द्या. आणि जर्मनीत तर बंदीच आहे. सांगायचं एवढंच की त्यांच्या मागे कायदा आहे, ४० वर्षांचा अनुभव आहे, को-ऑप म्हणजे पालकांचे एकत्र शिकवायचे गट आहेत, एक आई सायन्स घेते, एक आई संगीत. त्यांची भिंतभर पुस्तकं बघून आपल्याकडे काही नाही असं समजू नका. माझी मुलं इथे घरीच शिकली, दोघं, सगळं उत्तम मिळालं. फक्त मराठी वाचता येत नाही. मी पुढे ढकलत गेले, आधी इंग्रजी पक्कं होऊ दे, मग करू. आता माझी आई मिरजेहून व्हिडिओ कॉलवर स्तोत्र वाचते, ते दोघं मान खाली घालून ऐकतात, मला विचारतात आजी काय म्हणाली. ताई, मराठी आधी करा. इंग्रजी बाहेरून कानावर पडतच असतं, मराठी वाचन आपण शिकवलं नाही तर कोण शिकवणार?

जालन्याची_लेक
१३ जून, सकाळी ८.१५

सगळं वाचलं. माझं मत पूर्ण बदललंय असं नाही, पण दोन गोष्टी सांगते, शिक्षिका म्हणून.

पहिली, पोरगी उलटं अक्षर काढते का, ओळ सोडून वाचते का, लांबून बोललेलं ऐकू येतं का हे बघत राहा. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. पोटात दुखायचं कारण कधी कधी तेही असतं, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मूल घाबरतं.

दुसरी, चर्चच्या संडे स्कूलला मदत करा. घरी शिकवायला वेळ आहे तर मंडळीतली जी मुलं अर्धवट वाचतात त्यांना रविवारी अर्धा तास द्या. माझा मुख्य राग हाच होता की आपलं लेकरू आत घेऊन दार लावायचं. ते नसेल तर माझा विरोध नाही.

पिंपरीची_आई
१४ जून, रात्री १०.१५

ठरलं. हप्ता नाही भरला. दाखल्याचा अर्ज दिला, ऑफिसमधल्या मॅडमनी दोनदा विचारलं कुठल्या शाळेत घालताय, मी म्हटलं सध्या घरीच, त्यांनी वर बघितलं आणि काही न बोलता शिक्का मारला. मिस्टरांनी एक अट घातलीय, दिवाळीपर्यंत करायचं, मग तिघांनी बसून बघायचं. तिघं म्हणजे सासूबाई धरून. डोळे तपासायला शनिवारी चाललोय.

पिंपरीची_आई
२७ जुलै, रात्री ९.५०

बऱ्याच जणींनी मेसेजमध्ये विचारलं म्हणून लिहिते.

डोळ्यांना चष्मा लागला, दोन्हींना. जालन्याच्या ताई, तुमच्या पाया पडते. पोरगी गाडीतून येताना म्हणाली, मम्मी झाडाला पानं वेगवेगळी असतात. मी रस्ताभर रडले. वर्षभर शाळेत पण कुणाला कळलं नाही आणि आई असून मला पण नाही. म्हणजे पोटदुखीत शाळेचा दोष किती आणि डोळ्यांचा किती, आता सांगता येत नाही. मिस्टर म्हणाले, मग परत घालायची का? दोन दिवस विचार केला. शेवटी दिवाळीपर्यंतचं ठरलंय ते ठेवलं.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. तिला खेळायला पण सांगावं लागायचं, आता काय करू, आता काय करू. तिसऱ्या आठवड्यात रव्याची परात काढली. ग म भ न झालं, र क व झालं, काना झाला. 'ळ' तिला फार आवडतो, सगळीकडे काढत बसते, भिंतीवर पण.

गणित सासूबाईंनी घेतलंय. मी मागितलं नव्हतं. एक दिवस मी धाकट्याला आंघोळ घालत होते, बाहेर आले तर दोघी चिंचोके मांडून बसलेल्या आणि सासूबाईंचा तो वर्गातला आवाज, जो मी लग्नानंतर कधी ऐकलाच नव्हता. रविवारी चर्चनंतर मंडळीतली पाच मुलं पण त्यांच्याकडे वाचायला बसतात आता.

प्रार्थना सकाळी करतो, मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट असेल तर त्यांच्याशिवाय. २३वं स्तोत्र घेतलं होतं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ते. तिला मेंढपाळ म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, चित्रात बघितलेला पांढरा झगेवाला. मग सासूबाईंनी नगरकडचे धनगर सांगितले, दिवाळीनंतर कळप घेऊन उतरतात, घोड्यावर बिऱ्हाड, रात्री शेतात मेंढ्यांभोवती वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावतात, कोकरू दमलं की खांद्यावर घेतात, लांडग्याच्या भीतीने कुत्री राखण करतात, शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात. पोरगी एक शब्द बोलली नाही, ऐकत बसली. रात्री दिवा बंद केल्यावर मराठीत म्हणाली, देवा आमच्या घराला पण वाघर लाव. सासूबाई शेजारीच होत्या, आमेन त्याच म्हणाल्या.

जे जमत नाहीये ते पण सांगते, मम्मींनी खरं सांगायला सांगितलंय ना. मी चिडते, रोज एकदा तरी. धाकटा मटार दहा मिनिटांत संपवतो आणि मग वही फाडतो. दुपारी थकवा येतो, गेल्या गुरुवारी काहीच केलं नाही, नुसतं झोपलो तिघं. माझी बहीण अजून फोनवर विचारते, पोरीचं आयुष्य पणाला लावतेस का. आणि पोरीला तिची केजीतली एक मैत्रीण फार आठवते. तिच्या आईला फोन करून रविवारी संध्याकाळी बोलावलंय, बघू.

रूथ ताई, तुम्ही टेकडीवर जाणाऱ्या गटाचं म्हणाला होतात मेसेजमध्ये, शनिवारचं. तीन वर्षांचा चालेल का त्यात? आणि सासूबाई येऊ म्हणतायत, त्यांना चढ किती झेपेल?

रूथ_खडकी
२७ जुलै, रात्री १०.०५

चालेल गं, माझी पाचची आहे, आणखी दोघं चारची आहेत. सकाळी साडेसात, पाऊस असला तरी. आईंना वरपर्यंत नको, खालच्या वळणावर कठडा आहे, तिथे छान बसता येतं, आमच्यातल्या एकीच्या सासूबाई पण तिथेच बसतात. मुलांना जुने कपडे घाल, चिखल आहे, आणि चष्म्याला मागून दोरी बांध.